जस्ताचा लेप आणि पोलादाची ताकद

(संस्थेच्या विज्ञान सप्ताहात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव पुकारले तेव्हा काही पालकांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले. इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या बी.ए., बी.एड. मास्तराने पोलादावर काय बोलावे, असे त्यांना वाटले असल्यास त्यात गैर काही नाही. पण आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज फिटर, वेल्डर, फॅब्रिकेटर म्हणून काम करीत आहेत. कोणी चिंचवड-भोसरीला आहेत, कोणी आखातात. बोल्ट आवळणे, लोखंडावर लेप चढवणे हे त्यांचे रोजचे काम. सुट्टीत भेटायला आली की ती जे सांगतात त्यातून मला प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडला की पुस्तके शोधायची ही आम्हा मास्तरांची जुनी खोड आहे. तेव्हा जे वाचले आणि विचारून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

जस्त आपल्या घरात सर्वत्र आहे. पाण्याची बादली, छपराचा पत्रा, कुंपणाची काटेरी तार, या सर्वांवर जस्ताचा लेप असतो. बादलीवर फुलांसारखी चकाकणारी नक्षी दिसते, ते जस्ताचे स्फटिक. हा लेप दोन प्रकारे राखण करतो. एक तर तो हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. दुसरे, आणि हे अधिक नवलाचे, लेपाला ओरखडा पडून खालचे लोखंड उघडे झाले तरी जस्त आपण झिजते आणि लोखंडाला वाचवते. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना लागून असले की त्यांचा एक छोटा विद्युत घट तयार होतो, आणि त्यात जस्त आधी विरघळते. रंगाचा लेप असता तर ओरखड्याखाली गंज सरकत गेला असता. कोकणातल्या खाऱ्या हवेत ज्यांनी घर बांधले आहे त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही.

आपल्या देशाचा या धातूशी जुना संबंध आहे. जस्त खनिजापासून वेगळे करणे अवघड, कारण भट्टीच्या उष्णतेत ते वितळून न राहता वाफ होऊन उडून जाते. ९०७ अंशाला ते उकळते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे आपल्या कारागिरांनी ही वाफ मातीच्या मुशींतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती युरोपच्या कितीतरी आधी साधली होती. लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट मात्र १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने घेतले. असो, इतिहासाच्या मास्तराला इथे थांबवले नाही तर तो पुढे जायचा नाही.

तर बादलीला, पत्र्याला जस्त जितके मानवते, तितके ते उच्च ताकदीच्या पोलादाला मानवेलच असे नाही. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. लेप तोच, पण खालचे पोलाद जसजसे ताकदवान होत जाते, तसतसा लेप चढवण्याच्या रीतीचा धोका वाढत जातो.

उच्च ताकदीचे पोलाद म्हणजे काय? एखाद्या चांगल्या बोल्टचे डोके पाहा. त्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला असतो. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलो, ओढ सोसण्याची त्याची ताकद आहे. दुसरा ८ सांगतो की या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी तो कायमचा लांबत नाही. साध्या ४.६ च्या बोल्टची ताकद याच्या निम्मी. १२.९ ची दीडपट. ही ताकद येते कशी? आपला लोहार कोयत्याला पाणी पाजतो तशीच. पोलाद लाल तापवून एकदम थंड करायचे आणि मग बेताच्या उष्णतेत पुन्हा तापवून त्याचा अतिरेकी कडकपणा थोडा उतरवायचा. दुसरी रीत तारेची. जाड तार लहान लहान भोकांतून थंडच ओढत नेली की ती बारीक होता होता ताकदवान होते.

ताकदीबरोबर एक गोष्ट कमी होते, ती म्हणजे नमते घेण्याची वृत्ती. साध्या लोखंडात एखाद्या जागी ताण फार झाला तर ती जागा किंचित ओघळते आणि ताण आजूबाजूला वाटला जातो. कडक पोलाद ओघळत नाही. आट्याच्या तळाशी, डोक्याखालच्या कोपऱ्यात जो ताण साचतो तो तिथेच राहतो. आणि नेमक्या त्याच जागी एक शत्रू येऊन बसतो. त्याचे नाव हायड्रोजन.

१८७५ साली विल्यम जॉनसन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. लोखंडाची तार काही मिनिटे तेजाबात ठेवली की ती एकदाच वाकवल्यावर कडकन मोडते, असे त्यांना आढळले. हीच तार एरवी अनेकदा वाकवली तरी मोडत नसे. मोडलेल्या जागी पाण्याचा थेंब लावला तर बारीक बुडबुडे येत. आणि तार काही काळ नुसती ठेवली, विशेषतः ऊब दिली, तर तिचा चिवटपणा परत येई. म्हणजे तेजाबातून काहीतरी लोखंडाच्या आत शिरत होते आणि हळूहळू बाहेर पडत होते. तो हायड्रोजन होता. त्याचा अणू अगदी लहान. दोन अणू जोडले गेले की वायूचा बुडबुडा होऊन ते निघून जातात. पण जोडीदार मिळण्यापूर्वीच काही अणू पोलादात घुसतात, आत फिरत राहतात, आणि जिथे ताण सर्वाधिक तिथे गोळा होतात. तिथे पोलादाच्या कणांमधली पकड सैल होते. एक सूक्ष्म चीर पडते, ती पुढे सरकते, आणि एका क्षणी बोल्ट तुटतो.

मंडळी, हे तुटणे लगेच होत नाही. बोल्ट आवळताना काही कळत नाही. पाना ठीक लागतो, तपासनीस सही करतो. मग काही तासांनी, काही दिवसांनी, कोणी हातही लावला नसताना डोके उडून पडते. म्हणून असा माल तपासतानाही घाई चालत नाही. खाच पाडलेला नमुना त्याच्या ताकदीच्या ७५ टक्के भाराने ताणून २०० तास ठेवण्याची एक मान्य चाचणी आहे. तेवढ्यात तुटला नाही तर पास.

आता लेप चढवण्याच्या कारखान्यात जाऊ. विद्युत पद्धतीने जस्त चढवताना, ज्याला आपली मुले नुसते प्लेटिंग म्हणतात, हायड्रोजन दोनदा भेटतो. गंज काढण्यासाठी माल तेजाबात बुडवतात, ती पहिली भेट. मग टाकीत वीज सोडली की मालावर जस्त बसते आणि त्याच वेळी थोडा हायड्रोजनही सुटतो, ती दुसरी. यात एक गंमत आहे. सायनाइडच्या किंवा अल्कधर्मी टाकीत विजेचा बराच भाग जस्ताऐवजी हायड्रोजन सोडण्यात खर्च होतो, तर आम्लधर्मी क्लोराइडच्या टाकीत तो फार थोडा खर्च होतो. नाव ऐकून उलट वाटले असते. शिवाय चढलेला जस्ताचा थर स्वतःच झाकणासारखा बसतो. आत गेलेला हायड्रोजन जॉनसन यांच्या उघड्या तारेतून जसा सहज निघून गेला, तसा या थराखालून निघत नाही.

यावर इलाज भाजण्याचा. प्लेटिंग झाल्यावर शक्य तितक्या लवकर, सर्वसाधारणपणे चार तासांच्या आत, माल १९० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. किती वेळ? कडकपणानुसार किमान चार तास, आणि फार कडक मालाला आठ ते चोवीस तास. रॉकवेल सी या मापावर ३९ च्या वर कडकपणा गेला, म्हणजे १२.९ च्या बोल्टांपाशी आपण पोहोचलो, की धोका खरा समजावा. ८.८ च्या बोल्टला सहसा याची भीती नाही. आणि हे भाजणे पिवळे पॅसिव्हेशन करण्यापूर्वी व्हावे लागते, कारण तो पिवळा थर एवढी उष्णता सोसत नाही, बिघडतो. मग होते असे की ज्याला माल चकचकीत आणि लवकर हवा, तो मधले भाजणे गाळतो. दिसायला काहीच फरक नाही. रंग तोच, चमक तीच.

एका लहान कारखान्यात आमचा एक माजी विद्यार्थी मला घेऊन गेला होता. तिथल्या चाचांना मी विचारले, "बोल्टची ग्रेड तुम्हाला सांगतात का?" ते हसून म्हणाले, "मास्तर, आम्हाला किलोचा भाव सांगतात." ओव्हन त्यांच्याकडे होता, पण आठ तासांच्या विजेचे पैसे बिलात धरायला गिऱ्हाईक तयार नसे. मी त्या चाचांना दोष देत नाही. माल पाठवणाऱ्याने कागदावर कडकपणा लिहिला नाही तर लेप चढवणाऱ्याला तो डोळ्यांनी कसा दिसणार? पण तो बोल्ट पुढे ज्या वाहनाला लागतो, त्यात बसणाऱ्याला या दोघांपैकी कोणीच ठाऊक नसतो.

दुसरी पद्धत वितळलेल्या जस्तात बुडवण्याची. जस्त ४१९ अंशांच्या थोडे वर वितळते, आणि कढई साधारण ४५० अंशांवर ठेवतात. इथे थर जाड बसतो. प्लेटिंगमध्ये जाडी ५ ते १२ मायक्रॉन, तर इथे ५० च्या आसपास किंवा अधिक. म्हणून उघड्यावरच्या कामाला हीच पद्धत चांगली. पण थर जाड म्हणून नटाचे आटे मोठे कापावे लागतात, आणि जस्त जस्ताला चिकटून पाना जड लागतो. तेव्हा मेणासारखे वंगण न लावता आवळले तर पान्याचा जोर घासण्यातच जातो आणि बोल्टला हवा तो ताण मिळत नाही. फिटर मुलांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. शिवाय ४५० अंश ही उष्णता थोडी नव्हे. पाणी पाजलेले पोलाद ज्या उष्णतेत नरमवले, त्याहून कढई अधिक गरम असेल तर ते पुन्हा नरमते आणि ताकद घटते. १२.९ च्या बाबतीत ही शक्यता असते. थंड ओढलेली तारही कढईतून जाताना आपली थोडी कमाई गमावते.

या शेवटच्या अडचणीवर जपानी लोकांनी काढलेला तोडगा सांगण्याजोगा आहे. १९९८ साली खुला झालेला आकाशी कैक्यो हा झुलता पूल, मधला गाळा १९९१ मीटरचा. त्या काळी अशा पुलांच्या तारेची ताकद चौरस मिलिमीटरला १६०० न्यूटनच्या आसपास असे. तेवढ्या तारेने एवढा पूल टांगायचा तर दोन्ही बाजूंना दुहेरी केबल लागल्या असत्या. ताकद वाढवावी तर जस्ताच्या कढईत ती पुन्हा उतरते. तेव्हा त्यांनी पोलादात सिलिकॉनचे प्रमाण वाढवले. त्यामुळे कढईच्या उष्णतेत पोलादाची आतली घडण टिकून राहिली, आणि जस्त चढवलेली १८०० न्यूटनची तार मिळाली. बाजूला एकेकच केबल पुरली. लेप पुढे कोणत्या रीतीने चढणार आहे, हे पोलाद ओततानाच ध्यानात घेतले, म्हणून हे साधले.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे, आणि ते जरा सविस्तर सांगतो. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला आणि सान फ्रान्सिस्को ते ओकलंड या बे ब्रिजच्या वरच्या रस्त्याचा एक तुकडा खाली कोसळला. पूर्वेकडचा सारा भाग नवीन बांधायचे ठरले. भूकंपात पुलाने बाजूला सरकू नये म्हणून एका खांबाच्या माथ्यावर मोठे पोलादी ठोकळे बसवले, आणि ते खाली काँक्रीटला धरून ठेवण्यासाठी तीन इंच जाडीचे पोलादी दांडे गाडले. असे ९६ दांडे २००८ साली तयार झाले होते. पोलाद उच्च ताकदीचे, साधारण आपल्या १०.९ च्या बोल्टांच्या जवळपासचे. त्यावर कढईतले जस्त. हायड्रोजनचा धोका इंजिनियरांना माहीत होता. म्हणून तेजाबात न बुडवता कोरड्या कणांचा मारा करून दांडे साफ करायचे, असे त्यांनी ठरवून दिले होते.

मार्च २०१३ च्या आरंभी हे दांडे त्यांच्या ताकदीच्या ७० टक्क्यांपर्यंत ताणले गेले. दोन आठवड्यांच्या आत ९६ पैकी ३२ तुटले. पूल खुला व्हायला सहा महिनेही उरले नव्हते.

तेजाब टाळला होता, मग हायड्रोजन आला कुठून? दांडे २००८ पासून काँक्रीटमधल्या नळ्यांत उभे होते आणि त्या नळ्यांत पाणी साचत होते. पुढील वर्षी झालेल्या चाचण्यांवरून शासकीय तपासाचा निष्कर्ष असा निघाला की हायड्रोजन कारखान्यातून आला नव्हता, तो बाहेरून, त्या पाण्यातून आला. इथे सुरुवातीला सांगितलेला विद्युत घट आठवा. पाण्यात जस्त झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण त्या वाचवण्याच्या क्रियेतच उघड्या पोलादाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. साध्या लोखंडाला त्याचे काही नाही. कडक आणि ताणलेल्या पोलादाला तोच पुरेसा होतो. बादलीला राखणारा गुणच इथे घातक ठरला. त्याच खांबावर २०१० साली तयार केलेले आणखी १९२ दांडे होते. लेप तोच, ताणही तेवढाच. पण त्यांचे पोलाद अधिक चिवट होते आणि ते पाण्यात उभे राहिलेले नव्हते. ते तुटले नाहीत.

तुटलेले दांडे काढून नवे घालायला जागाच नव्हती. तेव्हा ठोकळ्यांवर पोलादी खोगीर चढवून ते ताणलेल्या केबलांनी खाली आवळण्यात आले. खर्च अडीच कोटी डॉलरच्या घरात गेला. तात्पुरती सोय करून पूल २ सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झाला, आणि खोगीर त्या डिसेंबरात पुरे झाले.

मोटारींविषयी दोन शब्द. आजच्या गाड्यांचा सांगाडा पातळ पण फार ताकदवान पत्र्याचा असतो. जस्त चढवलेल्या अशा पत्र्याला स्पॉट वेल्डिंग करताना जस्त वितळते, आणि ताणाखालच्या पोलादाच्या कणांमधून आत झिरपून तडे पाडू शकते. इथे हायड्रोजनचा संबंध नाही, वितळलेला धातूच शत्रू होतो. आणि काही भाग तर ९०० अंशांवर तापवून साच्यात दाबतात. त्या उष्णतेला जस्त उकळण्याच्या बेतात येते. म्हणून त्या पत्र्यांवर बहुधा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा लेप देतात.

मग ताकदवान बोल्टवर जस्त चढवायचेच नाही काय? चढवावे, पण रीत बदलावी. झिंक फ्लेक नावाचा लेप असतो. त्यात जस्ताच्या बारीक पापड्या द्रवात मिसळतात, कणांच्या माऱ्याने साफ केलेला माल त्यात बुडवून गरगर फिरवून निथळतात आणि ओव्हनमध्ये पक्का करतात. तेजाब नाही, वीज नाही, म्हणून लेप चढताना हायड्रोजन आत शिरत नाही. मोटारींच्या १०.९ च्या बोल्टांवर जो करडा, मंद रंग दिसतो तो बहुधा याचाच. बे ब्रिजसारखा बाहेरून येणारा हायड्रोजन मात्र यानेही पूर्ण टळत नाही. तिथे पोलाद गरजेपेक्षा अधिक कडक न घेणे आणि पाणी साचू न देणे हेच उपाय.

पुढच्या बाकावरच्या एका मुलाने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "सर, बोल्ट भाजला आहे की नाही, हे बघून ओळखता येते का?" नाही. बघून, वाजवून, वजन करून, कशानेही नाही. मालाबरोबर भाजल्याचा दाखला येतो. त्यावर तापमान, तास आणि प्लेटिंगनंतर किती वेळाने माल ओव्हनमध्ये गेला, हे लिहिलेले असते. १२.९ चा चमकणारा बोल्ट हातात आला की तो दाखला मागायचा. नसेल तर फोरमनला सांगायचे, आणि तो बोल्ट बाजूला ठेवायचा.